सीमेपलीकडचा प्रतिसाद

"परदेशातून काही प्रतिसाद?" फ्लूरने विचारलं.

नेल्लेकेने मांडीवरची पिशवी जवळ ओढली. हेगमधल्या त्या काचेच्या खोलीत टेबलापलीकडे पाच तज्ज्ञ होते आणि पाचही जण तिच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं प्रेमाने बघत होते. डच कला परदेशी पोहोचवणाऱ्या एका सरकारी निधीची ही समिती. फ्लूर तिची प्रमुख. आल्याआल्याच तिने सांगून टाकलं होतं, "आपण अगं-तुगंच करू हं, आमच्याकडे कुणी साहेब नाही." नकारही इथे अगं-तुगं करूनच देत असावेत.

नेल्लेके स्नुइस ही हेस्टरबेक गावच्या चर्चच्या मनोऱ्यातल्या सत्तेचाळीस घंटा वाजवायची. दर शनिवारी अकरा ते बारा. एकशेबारा पायऱ्या चढायच्या आणि घंटांना तारांनी जोडलेल्या लाकडी दांड्यांवर मुठी हाणत सुरावट काढायची. आता नगरपालिकेने ठरवलं होतं की घंटा संगणक वाजवेल. संगणकाचे गुडघे दुखत नाहीत. बाहेरून कुणी आधार दिला तरच नेल्लेके राहणार होती. बाकी सगळ्यांनी हात वर केले होते. हा एकच दरवाजा उरला होता.

"मनोरा काही विमानात घालता येत नाही," ती म्हणाली. "पण बेल्जियमची हद्द आमच्यापासून चारशे पावलांवर आहे. तिकडे ऐकू जातं."

"जातं, हे कशावरून?"

नाइलाजाने तिने पिशवीतून पत्रं काढली. चौदा होती. सगळी सीमेपलीकडच्या स्ताफ वाउट्स नावाच्या म्हाताऱ्याची. त्याची शर्यतीची कबुतरं शनिवारी फ्रान्समधून उडत परत यायची आणि नेमक्या त्याच वेळी घंटा सुरू व्हायच्या. खुराड्यात शिरल्याशिवाय शर्यत पुरी होत नाही, आणि ती शिरायचीच नाहीत. छपरावर घिरट्या घालत राहायची आणि तेवढ्यात दुसऱ्याच कुणाचं कबूतर शर्यत मारून न्यायचं. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं होतं, 'बाई, तुझे हात झडोत.'

फ्लूरने ते मोठ्याने वाचलं.

"हा तर संवाद आहे," एक तज्ज्ञ हळूच म्हणाला.

"घर्षण!" दुसऱ्याने डोळे मिटले. "सीमापार घर्षण!"

वर्षभराचा आधार मंजूर झाला. पुढच्या जूनमध्ये फ्लूर स्वतः बेल्जियमला जाऊन त्या गृहस्थांना भेटणार होती. घर्षण टिकून असेल तर पुढची चार वर्षं पक्की.

नेल्लेके गावी परतली ती थेट स्ताफकडे गेली. हातात सॉसेज भरलेल्या पावांची पिशवी होती. आजवर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"तुमच्या शिव्यांवर माझं काम टिकलंय," ती म्हणाली. "तेवढ्या बंद करू नका."

स्ताफ हसता हसता खोकायला लागला. "इतकी वर्षं फुकट घातल्या. आता डच सरकारच्या कामाला लागलो म्हणायचं! ये घंटाबाई, बस. कॉफी घेणार?"

तिथून जाणं-येणं सुरू झालं. हिवाळ्यात स्ताफची बायको गेली. त्या शनिवारी नेल्लेकेने ठरलेलं सगळं बाजूला ठेवून तासभर संथ, खालच्या सुरातलं काहीतरी वाजवलं. त्याबद्दल दोघंही कधी बोलली नाहीत.

जून आला.

"विसरू नका हं, स्ताफ. चांगल्या जोरात घाला."

"अगं, उभा जन्म कबुतरवाल्यांत गेला माझा. शिव्या मला शिकवतेस?"

शनिवारी अकराला ती वर चढली. पहिली सुरावट संपल्यावर तिने फटीतून खाली डोकावलं. सीमेपलीकडच्या अंगणात फ्लूर वहीत भराभर लिहीत होती आणि स्ताफ मनोऱ्याकडे हात फेकून फेकून काहीतरी सांगत होता. छपरावर कबुतरं आली होती, पण एकही खाली उतरत नव्हतं. नेल्लेकेच्या अंगात बळ आलं. घाला, स्ताफ, अजून घाला! मोठ्या घंटांच्या दांड्यांवर तिने अशा मुठी हाणल्या की मनगटं बधिर झाली.

बारा वाजता ती सायकल दामटत पलीकडे पोहोचली. फ्लूर गाडीत बसतच होती. तिने नेल्लेकेला घट्ट मिठी मारली.

"अभिनंदन, नेल्लेके! घर्षण पूर्ण मिटलंय. आणि तेही एका वर्षात! उद्दिष्ट साध्य. इतक्या समाधानाने मी कधी फाइल बंद केली नव्हती."

गाडी गेली. स्ताफ बाकावर मान खाली घालून बसला होता.

"काय बोललात तुम्ही तिला?"

"शिव्या घालायलाच तोंड उघडलं होतं गं."

"मग?"

"ती एकसारखी विचारत होती, त्रास होतो का, किती होतो, एक ते दहामध्ये सांगा. आणि तू वर वाजवत होतीस." त्याने टोपी काढून हातात चुरगळली. "मी म्हटलं, बाई, जरा गप्प बसा, ऐकू द्या."

"आणि ते हातवारे?"

"कुठली घंटा कधी येते ते दाखवत होतो तिला. तिला काही कळत नव्हतं."

"आणि कबुतरं? हरलात ना आजही?"

"हरलो."

नेल्लेकेने त्याला हाणायला मूठ आवळली. तिच्या तोंडची भाकरी गेली होती, मनोरा गेला होता, आणि हा म्हातारा लाजून टोपीशी खेळत बसला होता. ती तशीच उभी राहिली. मग मूठ सुटली आणि ती त्याच्याशेजारी बाकावर टेकली.

सत्तावीस वर्षांत तिच्या वाजवण्याला कुणी दिलेली ही पहिलीच दाद होती.