चुकीच्या हशिलाचे पाकीट

"हे पाकीट प्रदर्शनात नको, काकू," मुलगी म्हणाली.

काकूंच्या नवऱ्याला जाऊन महिना होत आला, तरी त्याच्या अभ्यासिकेचा पडदा त्यांनी सारला नव्हता. समोरची मुलगी ही त्याची अखेरची विद्यार्थिनी. आगबोटींच्या काळातले टपाल कोणत्या वाटेने गेले आणि त्याला काय हशील, म्हणजे टपालखर्च, पडले, हे शोधण्यात तिच्या या गुरुजींनी हयात घालवली. त्यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या प्रदर्शनाची मांडणी आता तिच्याकडे होती.

"तेच पहिलं लागेल," काकू म्हणाल्या.

एकुलता मुलगा गेला, त्या वर्षी गुरुजींची अन्नावरची वासना उडाली होती. टपालाचे अल्बम माळ्यावर गेले होते. त्यांच्या वाढदिवसाला काकूंनी हे पाकीट पुढ्यात ठेवले. जुन्या बाजारात मिळाले, एवढेच सांगितले. गुरुजींनी भिंग मागवले. बराच वेळ पाहिले, आणि मग पान वाढायला सांगितले.

मुलीने आवाज न चढवता दोष दाखवला. पाकिटावर जलद मार्गाचा शेरा होता: आधी आगबोट, मधला जमिनीचा पट्टा रेल्वेने, पुढे दुसरी आगबोट. हशील मात्र सबंध वळसा घालून जाणाऱ्या संथ बोटीचे, म्हणजे पुष्कळच कमी. असे पाकीट वाटेत पकडले जाई आणि त्यावर दंडाचा शिक्का बसे. इथे तो नव्हता. पाकीट बनावट होते.

प्रदर्शन भरवणाऱ्या संग्राहक मंडळाचे चिटणीस विकणाऱ्याचे नाव विचारत आहेत, असेही तिने सांगितले. काकूंनी आठवत नाही म्हटले आणि टेबलावरची नसलेली धूळ पदराने पुसली.

"मंडळातले लोक टपूनच बसलेत," मुलगी म्हणाली. "गुरुजी फसले म्हणतील, नाहीतर त्यांनीच फसवलं म्हणतील."

"त्यांना फसवणारा अजून जन्माला यायचाय."

काकू खुर्चीच्या हातावर भार देऊन उठल्या.

"आडवळणाने बोलू नकोस. इतकी वर्षं जिवापाड जपलेलं पाकीट खोटं आहे, हे तुझ्या गुरुजींना कळलंच नाही, असंच ना?"

मुलीने होय म्हटले असते, तर नवऱ्याची सारी विद्या त्याच्या मागोमाग गेली असती.

मुलीने मान खाली घातली.

"कळलं होतं, काकू. मीच एकदा ही चूक दाखवायला गेले, तर दार लोटून घेतलं त्यांनी. म्हणाले, हळू बोल, ती स्वयंपाकघरात आहे. या पाकिटाचा कागद जुना दिसावा म्हणून तेव्हा चहाच्या पाण्यात भिजवत होती. आठवडाभर तिची बोटं तांबूस होती. आणि मुलगा गेल्यापासून त्या आठवड्यात पहिल्यांदाच ती रडली नव्हती."