उपाशी कव्हर

सुनयनाच्या लग्नाला बारा दिवस होते आणि आमंत्रणांची यादी लिहिलेली डायरी उंदरानं खाल्ली होती. तिनं नव्या डायरीत सगळी यादी पुन्हा लिहिली आणि जाड कापडी कव्हर घ्यायला मला रामनगरला नेलं. तिथं दीड तास मखमल, जीन्स, रेक्झिन सगळं चाचपून ती दुकानदाराला म्हणाली, "बघून येतो."

घरी आल्यावर काकी म्हणाली, "दुकानातल्या कापडाला उंदीर भितोय व्हय? आण हिकडं." तिनं जुन्या लुगड्याचे पाच थर घालून गोधडीसारखं कव्हर शिवलं आणि शेवटचा कोपरा मिटायच्या आधी आत नाचणीच्या भाकरीचा तुकडा ठेवला.

"अगं काकी, उंदरापासनंच वाचवायचं हाय न्हवं? मग आत भाकरी कशाला?" सुनयनानं विचारलं.

"गोधडी उपाशी शिवत न्हाईत. रीत हाय."

"हिची भाकरी दगड असती म्हणून बावीस वर्षं सांगतोय, पण कोण ऐकतंय?" कोपऱ्यातून काका पुटपुटले. आम्ही नेहमीप्रमाणं ऐकलं नाही, कारण जेवायला तिच्याच चुलीपुढं बसायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उंदरानं कव्हराचे पाचही थर कुरतडलेले होते. यादी संपली होती, नवऱ्याकडच्या पाहुण्यांची पानं संपली होती, डायरीचा पुठ्ठासुद्धा संपला होता.



भाकरीचा तुकडा मात्र होता तसा होता, आणि बावीस वर्षांनी काकांना साक्षीदार मिळाला.