बाइंडरबुवांची फळी

“फिटर? अगं, फिटर कशाला हवाय?” बाइंडरबुवांनी भिंतीवर बोटांनी टकटक केलं. “आपल्या घरची फळी बघतेस ना? अकरा वर्षं झाली. हलली का जागची?”

लेक तिच्या घरी खुर्चीत टेकून बसली होती. सातवा महिना लागला होता आणि बाळाची खोली अजून लागायची होती. खोली तरी केवढी! पाळणा ठेवायला ही एकच भिंत, आणि पुस्तकांच्या फळीलाही हीच.

“बाबा, फळी पाळण्याच्या वर येणार आहे,” ती म्हणाली. “आणि या भिंती हलक्या ब्लॉकच्या. फिटर म्हणाला, नुसतं बिस्कीट आहे. साधा प्लग ठोकला की आत भुगा होतो आणि प्लग गरगर फिरत बसतो.”

“आपल्या भिंती तरी कसल्या आहेत? त्याच! पण हात लागतो बाई, हात! तसं काम करणारा माणूस हजारांत एक.” बुवांची छाती दोन इंच फुगली. “जरा पाणी पिऊन येतो,” म्हणत ते स्वयंपाकघराकडे वळले.

दाराशी उभ्या असलेल्या बाइंडरीणबाईंनी मात्र लेकीची नजर चुकवली.

कारण ती फळी बुवांची नव्हतीच.

नव्या घरात आल्या आल्या बुवांनी चार प्लग ठोकून फळी लावली होती आणि स्वतः बांधलेले सगळे जाडजूड ग्रंथ तिच्यावर रचले होते. त्याच महिन्यात छापखान्यात बांधणीचं यंत्र आलं. तीस वर्षं हाताने पुस्तकं शिवणाऱ्या माणसाला खोकी भरायला बसवलं. घरी येऊन ते फळीसमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, “चला, एवढं तरी जमलं हाताला.”

एके दिवशी झाडू मारताना बाईंना फळीखाली पांढरी भुकटी दिसली. वर पाहतात तो फळी बोटभर पुढे झुकलेली. प्लगला हात लावला, तर दुधाच्या दातासारखा हलला.

नवऱ्याला सांगायचं? त्यांची जीभच उचलेना. बुवा कामावर होते. बाईंनी पुस्तकं उतरवली आणि तडक हार्डवेअरचं दुकान गाठलं. दुकानदाराने नीट समजावलं. भिंत चार इंची, तेव्हा सहा इंची बोल्ट आरपार घाला. पलीकडून रुंद लोखंडी पट्टी, मग नट. वजन ब्लॉकवर नको, पट्टीवर येऊ दे. आणि ड्रिल नुसतं फिरवा, हातोड्याचं बटण दाबाल तर भोकाचं भगदाड होईल.

शेजाऱ्यांचं ड्रिल आणून बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा भिंतीला भोक पाडलं. एक नाही, चार! पलीकडे त्यांचंच स्वयंपाकघर होतं. बाहेर आलेल्या बोल्टच्या टोकांना त्यांनी आकडे अडकवले आणि वर पळ्या, झारा, चिमटा टांगून टाकले. फळीच्या बाजूला बोल्टच्या डोक्यांवर पितळी टोप्या बसवल्या. “दिसायला बऱ्या,” एवढंच बुवांना सांगितलं. बुवांनी टोपीवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली.

तेव्हापासून पाहुणा आला की त्याला आधी फळी दाखवायची. “असं काम बघितलंय कुठे?” बुवा विचारायचे. आत बाई पळीने भांडं ढवळत गालात हसायच्या. लोक तारीफ नवऱ्याची करायचे आणि अंगावर मूठभर मांस यांच्या चढायचं. कुणाला सांगता येत नव्हतं, पण अभिमान तो अभिमानच!

तसे बुवा घरकामात कधी काडी हलवायचे नाहीत. फक्त वर्षातून एकदा त्यांना लहर यायची. “तू जा बहिणीकडे, आज स्वयंपाकघर मी आवरतो.” बाई परत येत तेव्हा ओटा लखलखत असायचा, पण पळ्यांना मशीनच्या तेलाचा वास! ‘पुरुषाची आवराआवर,’ म्हणत बाई सगळं पुन्हा घासायच्या.

आता मात्र खेळ नव्हता. घरी फळी पडली असती तर पुस्तकं पडली असती. इथे खाली बाळ असणार होतं.

“बोलाव गं फिटरला,” बाई लेकीला म्हणाल्या. “बाबांचा हात आता थरथरतो.”

बुवा पाण्याचा पेला घेऊन दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. पेला तसाच धरून एकदा आपल्या बोटांकडे पाहिलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेक आडवी व्हायला आतल्या खोलीत गेली, तशा बाई पुढे झाल्या. अकरा वर्षं सांभाळलेला मान आज आपल्याच हाताने उतरवायचा होता. पण नातवंडापुढे कसला मान?

“अहो, एक सांगायचंय. रागावू नका. आपल्या घरची ती फळी...”

“सांगशील गं सावकाश. आधी हे धर.”

बुवांनी घरून आणलेल्या पिशवीत हात घातला आणि एकेक वस्तू काढून बाईंच्या ओंजळीत ठेवली. सहा इंची चार बोल्ट. रुंद लोखंडी पट्ट्या. नट. चार आकडे. आणि कागदात गुंडाळलेल्या चार पितळी टोप्या.



“पलीकडे हिचं स्वयंपाकघरच आहे, आत्ताच बघून आलो. पळ्या टांगायला बरं पडेल,” बुवा म्हणाले. “भोकं मी पाडतो. नट मात्र तूच आवळ. दर वर्षी तेल घालायला जातो, पण अकरा वर्षांत तुझा एक नट मला कधी ढिला सापडला नाही.”