शहाणपणाचा दाखला

"आधी याची मान बिघडली," मार्तंडराव म्हणाले. "तीस वर्षं खाली होती. पाडव्याला वर गेली, ती खाली यायचं नाव घेत नाही."

विश्वंभर डॉक्टरांनी लिहून घेतलं: मान.

'रोग्याचे नाव' ही वरची ओळ मात्र त्यांनी कोरीच ठेवली. सरकारी वेड्यांच्या इस्पितळात बावीस वर्षं काढून ते रेवदंड्याला दोन खोल्या घेऊन बसले होते, आणि तिथली ही एक सवय त्यांच्याबरोबर आली होती. नाव शेवटी लिहायचं. आणणारा शहाणा आणि आणलेला वेडा, हा हिशेब त्यांच्या अनुभवात दर वेळी जुळला नव्हता.

"पुढे?"

"हाक मारली तर येत नाही. म्हणतो, भाकरी खाऊन येतो."

डॉक्टरांनी लिहिलं: भाकरी.

"आणि तिसरं तर भयंकर. परवा तलाठ्याला स्वतःचं नाव सांगितलं, रघुनाथ. जन्मल्यापासून रघ्या होता हा."

"व्हय, धनी," खुर्चीमागून रघू म्हणाला.

"बघा. तोंडाने अजून हो म्हणतो. तेवढं एक शाबूत आहे."

रघूच्या बगलेत मार्तंडरावांची छत्री होती. दोघं आले तेव्हा डॉक्टर खिडकीतून बघत होते. तीन तासांची वाट, आणि बैल हाकत होता तो रोगी. त्यानेच मार्तंडरावांना कोपराला धरून उतरवलं, त्यांची टोपी सरळ केली, "जपून, धनी, पायरी हाय," म्हणत आत आणलं. वेड्याची एवढी सेवा करणारे नातेवाईक डॉक्टरांनी पाहिले होते. नातेवाइकाची एवढी सेवा करणारा वेडा पहिलाच.

दुखणं कुठे आहे ते हळूहळू बाहेर आलं. सोमवारी मामलेदार कचेरीत कूळ कायद्याची तारीख होती. रघूने तिथे "जमीन मला पाहिजे" एवढं म्हटलं, की खाडीकडची भातखाचरं त्याच्या नावावर होणार होती. ती तीन पिढ्या रघूच्या घराने कसली होती. मार्तंडरावांच्या घराने ती बांधावर उभं राहून सांभाळली होती. रघू ठार वेडा आहे, असा दाखला मिळाला तर त्याचा जबाब कोणी धरणार नव्हतं. मार्तंडरावांना फक्त तेवढा कागद हवा होता.

डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न काढले.

"आज वार कोणता?"

"बेस्तरवार," रघू म्हणाला.

"राज्य कोणाचं?"

हा प्रश्न इस्पितळातला, इंग्रजांच्या वेळचा. तेव्हा "आमचं" म्हणेल त्याला आत ठेवत. सत्तेचाळीस सालच्या पंधरा ऑगस्टला तिथे सात रोगी एका सकाळीत बरे झाले, औषधाचा थेंब न देता. तेव्हापासून डॉक्टर एक धरून चालत. वेडा कोण, हे पुष्कळदा ज्याच्या हातात चावी असते तो ठरवतो.

"राज्य आपलं म्हनत्यात," रघू विचार करून म्हणाला. "आमच्या गावात सोमवारी येनार हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मोहरा फिरवला. "मार्तंडराव, खाचरं कोणाची?"

"माझी."

"कायदा काय म्हणतो?"

"कायद्याचं डोकं फिरलंय."

"आणि कसतो कोण?"

"तो कसतो. पण तो कोणाचा? माझाच ना?"

"व्हय, धनी," रघू म्हणाला.

डॉक्टरांनी थोडा वेळ दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग मार्तंडरावांना म्हणाले, "घरी एक पथ्य पाळा. वेड्याशी वाद घालू नये. तो म्हणेल त्याला हो म्हणावं, म्हणजे घर शांत राहतं."

"मी? कुळाला हो म्हणू?"

पण रघूची मान पहिल्यांदाच मनापासून हलली. "लाख बोललात, डाक्टर," तो म्हणाला.

डॉक्टरांनी नवा कागद घेतला. चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि कागद रघूच्या हातात दिला. मार्तंडरावांनी तो ओढून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "रघुनाथ बाळाजी यांस मी तपासले. ते पूर्ण शुद्धीवर असून स्वतःचे बरेवाईट..." पुढचं त्यांनी मनात वाचलं.

"हा काय प्रकार आहे?"

"शहाणपणाचा दाखला. असा लेखी पुरावा तालुक्यात आता यांच्या एकट्यापाशी आहे. खुद्द मामलेदारांपाशीही नसेल."

मार्तंडरावांनी कागद टेबलावर आपटला आणि पायरी न बघताच बाहेर पडले. रघूने कागदाची घडी करून ती मुंडाशात खोचली. मग छत्री उचलली.

"रघुनाथराव," डॉक्टरांनी थांबवलं. "एक कोडं सुटत नाही. एवढे शहाणे आहात, तर वेडे ठरायला तीन तास बैल हाकत आलात कशाला?"

बाहेरून मार्तंडरावांचा आवाज आला. "रघ्या, जमीन माझीच आहे. ऐकलंस?"

"व्हय, धनी," रघूने दारातून सांगितलं. मग तो वळला आणि घरातल्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसा हळू बोलला. "तुमच्याकडं चला म्हटलं असतं तर धनी आले असते का? म्हनून मीच रोगी झालो. आता तुमी त्यांना बघितलंत, काय औषध असंल तर द्या. पथ्य आमाला ठावं हाय, डाक्टर. खुळ्याला व्हय म्हनावं, हे बा मला तीस वर्सांमागंच सांगून गेलाय."