नीट मांडलेला प्रश्न

तात्यापारा मोहल्ल्यातल्या वडिलांच्या खोलीत अभिनव बऱ्याच दिवसांनी येऊन बसला होता.

“पापा, फोरमवर तुमचे प्रश्न काहून बंद झाले?” त्याने विचारले. संगणकाच्या अडचणी सोडवणारा तो फोरम अभिनवच सांभाळी. संगणकात नवखे असलेले वडील, श्यामराव, काहीही विचारोत, ‘आधी स्वतः काय करून पाहिले, ते लिहा’ म्हणून तो प्रश्न परत पाठवी.

“तू म्हणतो तसं नीट लिहाले बसलो, का लिहितालिहिताच उत्तर सापडून जाते.”

“बढिया! यही तो चाहिए.”

“हव. आता तुले विचाराले एकच प्रश्न उरला. लय करून पाहिलं, उत्तर सापडत नाही. पुन्हा कधी येशीन?”

अभिनवचा फोन वाजला. कोणा नवख्याचा प्रश्न आला होता. तो वाचत वाचतच अभिनव जिना उतरून गेला.