पाळकांच्या नावे आलेलं पत्र

"कपाटात वरच्या खणात निळी फाईल आहे बघ, चर्चच्या मंडळीची यादी त्यातच आहे," प्रभाकर पाळक जेवता जेवता म्हणाले. "तेवढी टाइप करून दे. सोमवारी पाठवायचीय."

शांतीने फाईल काढली. शनिवारी दवाखान्यातली ड्यूटी संपली की ती थेट पनवेलच्या बाजारामागे पाळकांच्या घरी यायची आणि चर्चची जी काही लिखापढी असेल ती करून द्यायची. रविवारी उपासनेत पेटी तीच वाजवायची, मुलांची संडे स्कूलही तीच घ्यायची. तेहतीस वर्षांची बिनलग्नाची बाई म्हणजे मंडळीची केवढी सोय!

यादीखाली एक आंतरदेशीय पत्र होतं. त्यात स्वतःचं नाव दिसलं म्हणून तिने ते वाचलं. मिरजेच्या विनायक साळवे नावाच्या शिक्षकांनी पाळकांना लिहिलं होतं. मंडळीत रीतच ती, मुलीला स्थळ आलं की पहिलं पत्र पाळकांच्या नावे येतं. "शिबिरात आपल्या मंडळीच्या शांती पवार पेटी वाजवत होत्या. त्यांची व त्यांच्या घरच्यांची हरकत नसल्यास रीतसर मागणी घालावी म्हणतो." तारीख नोव्हेंबर १९९०ची. कोपऱ्यात पाळकांच्या टपोऱ्या अक्षरात शेरा होता: "उत्तर दिले. शांतीची लग्नाची इच्छा नाही, तिने स्वतःस सेवेला वाहून घेतले आहे. आपली किशोरी सुचवली."

किशोरी म्हणजे पाळकांची भाची, बावीस वर्षांची. यंदा मे महिन्यात याच चर्चमध्ये तिचं लग्न झालं होतं, याच विनायक साळवेंशी. नवरानवरी आत आली तेव्हा पेटीवर शांती होती. जेवणाच्या वेळी नवरदेव मुद्दाम तिच्यापाशी आला होता. "सलाम ताई," म्हणाला, "तुम्ही फार मोठा निर्णय घेतलाय." तिला वाटलं, संडे स्कूलबद्दल बोलतोय. थँक्यूसुद्धा म्हणाली होती ती. कोणता निर्णय, ते आता कळलं.

पत्र घेऊन ती त्यांच्या ताटासमोर येऊन उभी राहिली. "साहेब, हे काय आहे?"

पाळकांनी पत्राकडे पाहिलं. मग बांगड्याचा काटा दातांतून ओढून काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. तोंडावर लाज म्हणून नाही. ती फाईल हिच्या हातात द्यायला नको होती, एवढीच काय ती चुटपुट.

"शांती, आम्ही दोघांनी यावर प्रार्थना केली होती. हो ना गं, सुमती?" भात वाढणाऱ्या बायकोने नुसती मान हलवली. "पण प्रभूने मनाला होकार दिला नाही. तू गेलीस तर पेटी कोण वाजवणार? ती पंधरा पोरं कोणाच्या भरवशावर? तुझ्यासाठी प्रभूची वेळ अजून आलेली नाही, बाळ."

"आली होती," शांती म्हणाली. "तुमच्या कपाटात होती."

"किशोरीचं वय निघून चाललं होतं," सुमतीबाई पातेल्यात बघत म्हणाल्या.

"बावीस?"

सुमतीबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी बायकांच्या सभेत शांतीच्या लग्नासाठी प्रार्थना व्हायची. पाळक स्वतः तिच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि गहिवरल्या आवाजात तिच्यासाठी धीर मागायचे. पत्र कपाटात ठेवल्यावरही मागत होते. तोच हात आता कालवणाने माखला होता. शांतीला त्या हाताची किळस आली. त्याच्याखाली मुकाट वाकणाऱ्या आपल्या डोक्याचीही आली. आणि एवढे महिने ती रुसली होती कोणावर, तर देवावर. ऐकत नाहीस म्हणून त्याच्याशी भांडली होती, मग भांडले म्हणून रडून क्षमा मागितली होती. त्याने तर ऐकलं होतं. मध्ये हा माणूस बसला होता.

"मनात कडूपणा धरू नये," पाळक म्हणाले. "आणि उद्या जरा लवकर ये, नवीन गीत बसवायचंय. चल, प्रार्थना करू."

खरकटा हात ताटावर तसाच धरून त्यांनी डोळे मिटले. सुमतीबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

"हे स्वर्गीय पित्या, आमच्या या बहिणीला तुझ्या वेळेवर भरवसा ठेवायला शिकव. तिच्या मनातला राग काढून टाक." आवाज तोच, शुक्रवारचा.

शांतीने डोळे मिटले नाहीत की पदर घेतला नाही. पाळकांच्या मिशीला भाताचं शीत चिकटलं होतं आणि प्रार्थनेबरोबर ते खाली-वर होत होतं. माझा भरवसा होता, तिने मनातल्या मनात देवाला सांगितलं, अजूनही आहे. पण तो मला या तोंडाने शिकवू नकोस.

"हे तुझ्या पुत्राच्या नावाने मागतो," पाळक म्हणाले आणि थांबले.

या घरात जिच्यासाठी प्रार्थना केली, तिने आमेन म्हणायचं असतं. त्याशिवाय कोणी डोळे उघडत नाही. शांतीने पत्राची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून चेन ओढली. चेनचा आवाज दोघांनीही ऐकला.

"शांती," डोळे न उघडता पाळक हळूच म्हणाले, "आमेन म्हण."

तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली. पाळक डोळे मिटून वाट पाहत राहिले. त्यांच्या बोटांवरचं कालवण वाळायला लागलं होतं.