पिवळी बांगडी

वासंतीला धाकट्या जावेचा, करुणाचा, भारी हेवा वाटे. एचआयव्ही करुणाला होता, म्हणून घाम तपासणारी बांगडीही तिलाच मिळाली होती. योनीमार्गात यीस्टची बुरशी वाढू लागली, की खाज सुटायच्या आधीच बांगडी पिवळी होई आणि दवाखान्यातल्या सिस्टर औषध घेऊन घरी येत. वासंती मात्र महिनोन्‌महिने खाज सोसत साबणाने धूत बसे.

आज करुणा आंघोळीला गेल्यावर वासंतीने तिची बांगडी हातात चढवली. ती बघता बघता पिवळी झाली. दवाखान्यात करुणाच्या नावाने इशारा गेला आणि सिस्टर आल्या.

"काय गं करुणा, बुरशी वाढलीय, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या चुकवून प्रतिकारशक्ती घालवलीस ना?"

"देवाशपथ नाही, सिस्टर! माझी बांगडीच सापडत नाहीये."

"चुकवणाऱ्या सगळ्या असंच काहीतरी सांगतात."

करुणा रडकुंडीला आली. जिच्या लाडांवर वासंती इतकी जळायची, ती आज बोलणी खात होती. पण वासंतीला काही केल्या बरं वाटेना. शेवटी तिने पदराखालचा हात बाहेर काढला.

"बांगडी मी घातलीय. खाज मला आहे."

करुणाने तिचा हात धरला. "ताई, मागितली असती तर दिली नसती का?"

"काय सांगून मागू गं? तुझ्या आजाराला नाव तरी आहे."

सिस्टरांनी तिला जवळ बसवलं. "साबणाने धूत असाल, तर ते आधी बंद करा. रक्तातली साखरही तपासू, ती वाढली तरी अशी खाज सुटते." त्यांनी पिशवीतून मलम काढलं.

"हे सगळं मलाच ना?" वासंतीने विचारलं.